दीड, अडीच की चार? घरातल्या आणि शेतातल्या वायरची जाडी कशी ठरवायची

गेल्या पावसाळ्यात नात्यातल्या एका घरी मुक्काम होता. न्हाणीघरात गिझर चालू असताना कोणी वॉशिंग मशीन लावलं की काही मिनिटांत एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारं बटण) पडायचा. शेवटी वैतागून घरच्यांनी कोणाला तरी बोलावलं. त्याने १० अँपिअरचा एमसीबी काढून ३२ चा बसवला आणि पाच मिनिटांत काम संपवलं. "आता अजिबात पडत नाही बघा," वहिनी समाधानाने म्हणाल्या. मी मेन बंद करून बोर्ड उघडला. आत दीड एमएमची वायर होती. प्लगजवळचं तिचं प्लास्टिक कडक होऊन तपकिरी पडलं होतं आणि बोट लावलं की तुकडा निघत होता.

आधीचा १० चा एमसीबी बिघडलेला नव्हता. तो त्याचं काम करत होता. वायरीला झेपेल त्यापेक्षा जास्त करंट जायला लागला की तो लाइन तोडत होता. एमसीबी वायरीच्या रक्षणासाठी असतो, हे एकदा मनात पक्कं झालं की वायरची जाडी ठरवण्याचं निम्मं काम झालंच. नवं घर बांधताय, जुन्याचं वायरिंग बदलताय, गोठ्यात लाइन न्यायचीय किंवा बोअरवर मोटर बसवायचीय, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. प्रत्यक्ष जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. पण काय घालायचं हे तुम्हाला समजलेलं असू द्या, म्हणजे दुकानात आणि कामावर नेमकं बोलता येईल.

दुकानातली भाषा आधी समजून घेऊ. "दीड एमएम", "अडीच एमएम" हे आकडे वायरच्या व्यासाचे नसतात. ते आतल्या तांब्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाचे, म्हणजे चौरस मिलिमीटरचे असतात. अडीच एमएमच्या वायरमध्ये साधारणपणे ०.३ मिलिमीटर व्यासाच्या ३६ तारा पिळलेल्या असतात, दीडमध्ये २२ आणि एकमध्ये १४. जुने वायरमन अजून ३/२२, ७/२० असं बोलतात. म्हणजे २२ गेजच्या ३ तारा, २० गेजच्या ७ तारा. हिशेब केला तर ३/२२ म्हणजे जेमतेम १.२ चौरस मिलिमीटर भरते, ७/२२ साधारण २.८ आणि ७/२० साधारण ४.६. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या घरात ३/२२ वर फ्रीज, मिक्सर, इस्त्री सगळं चालत असेल, तर पुढचा मजकूर जरा लक्ष देऊन वाचा.

पहिली पायरी: अँपिअर काढा

कागद घ्या आणि एका लाइनवर काय काय चालणार आहे ते लिहा. प्रत्येक वस्तूवर वॅट छापलेले असतात. त्या आकड्याला २३० ने भागलं की अँपिअर मिळतात. साठवणीचा २००० वॅटचा गिझर म्हणजे ८.७ अँपिअर. ३००० वॅटचा इन्स्टंट गिझर १३ अँपिअर. १००० वॅटची इस्त्री ४.३. दीड टनाचा एसी साधारण ७ ते ८ अँपिअर घेतो, पण त्याच्या पाटीवरचा कमाल करंट पाहा आणि तोच धरा. एलईडी दिवे आणि पंखे यांचं फारसं काही नसतं. अख्ख्या खोलीचे दिवे-पंखे मिळून एक अँपिअरसुद्धा सहसा होत नाही.

मोटर असेल तर असा सरळ भागाकार करू नका. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट हे खरं, पण ती मोटरच्या दांड्यावर मिळणारी ताकद झाली. वीज त्याहून जास्त लागते. २ एचपीची सिंगल फेज मोटर नुसत्या भागाकाराने साडेसहा अँपिअरची वाटते, प्रत्यक्षात ती १० च्या आसपास खेचते. म्हणून मोटरच्या अंगावरची पाटी हाच आधार.

स्वयंपाकघराचा हिशेब वेगळा बसून करा, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. इंडक्शन शेगडी २००० वॅट, किटली १५००, मायक्रोवेव्ह १२००. सकाळी डबे करायच्या घाईत हे तिन्ही एकदम चालू असतात, आणि तेव्हा ४७०० वॅट, म्हणजे २०.४ अँपिअर होतात. एकाच लाइनवर हे बसवू नये. शेगडीला डीबीपासून (घरातले सगळे एमसीबी असलेल्या पेटीपासून) स्वतंत्र लाइन द्या आणि बाकीच्या प्लगांना दुसरी. गिझरला, प्रत्येक एसीला आणि पाणी तापवणाऱ्या वॉशिंग मशीनलाही तशीच स्वतंत्र लाइन हवी. वहिनींच्या घरी मुळात हेच झालं नव्हतं: गिझर ८.७ आणि मशीनचा हीटर ८.७, मिळून १७.४ अँपिअर एकाच दीड एमएमवरून चालले होते.

दुसरी पायरी: करंटपेक्षा मोठा एमसीबी, एमसीबीपेक्षा सक्षम वायर

तीन आकडे चढत्या क्रमाने बसले पाहिजेत. सगळ्यात लहान आकडा लाइनवरच्या करंटचा. त्याच्या वरचा एमसीबीचा. आणि सगळ्यात मोठा वायरच्या क्षमतेचा. हा क्रम कुठेही उलटा झाला की गडबड. वरच्या घरात १७.४, ३२ आणि १४ असा क्रम लागला होता.

पाइपमधून नेलेल्या तांब्याच्या पीव्हीसी वायरसाठी मी सावध बाजूचे आकडे धरतो. एक एमएमला ११ अँपिअर, दीडला १४, अडीचला १९, चारला २६, सहाला ३१ आणि दहाला ४२. कंपन्यांच्या तक्त्यांत थोडा फरक असतो आणि काही तक्ते उघड्यावर टांगलेल्या वायरचे जास्तीचे आकडे देतात. तुमच्या वायरचा तक्ता पाहताना "पाइपमध्ये" असा रकाना आहे का, ते बघून घ्या.

बाजारात एमसीबी ६, १०, १६, २०, २५, ३२, ४० अशा आकड्यांत मिळतात. त्यामुळे जोड्या जवळपास आपोआप ठरतात. दिवे-पंख्यांना दीड एमएम आणि ६ किंवा १० चा एमसीबी. १६ अँपिअरच्या मोठ्या प्लगला, म्हणजे गिझर, शेगडी, दीड टनापर्यंतचा एसी यांना, अडीच एमएम आणि १६ चा एमसीबी. दोन टनाचा एसी असेल किंवा डीबीपासून खोली लांब असेल तर चार एमएम आणि २० चा. दिव्यांना एक एमएमही विजेच्या हिशेबाने पुरते, पण पुढे कोणीतरी त्याच बोर्डावर प्लग काढतोच, म्हणून मी एक एमएम भिंतीत घालू देत नाही. दीड आणि एकमधला पैशांचा फरक अख्ख्या घराच्या खर्चात दिसतही नाही, आणि भिंत फोडून वायर बदलायला लागणारे पैसे मात्र चांगलेच दिसतात.

दीड एमएमवर १६ चा एमसीबी ही आपल्याकडची सर्रास दिसणारी जोडी आहे आणि ती चूक आहे. कारण एमसीबी त्याच्या आकड्यावर पोचताक्षणी पडत नाही. मानकाप्रमाणे तो १.१३ पट करंट तासभर सहन करतो, आणि १.४५ पट झाल्यावर तासाभराच्या आत पडला पाहिजे. म्हणजे १६ चा एमसीबी १८ अँपिअर तासभर जाऊ देणार, आणि २३ अँपिअरवरही पडायला बराच वेळ घेऊ शकतो. तोवर १४ ची वायर भिंतीत शिजत राहते. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट. अडीच एमएममधून १६ अँपिअर गेले तर एका वायरच्या दर मीटरमागे सुमारे २ वॅट उष्णता होते. तेच १६ अँपिअर एक एमएममधून गेले तर ५ वॅट. प्लॅस्टरच्या आत, बंद पाइपमध्ये ती उष्णता जाणार कुठे?

जुन्या घरात किटकॅट (वितळणारी तार घालायचे चिनी मातीचे) फ्यूज असतील तर हाच नियम फ्यूजच्या तारेला लागतो. तार वितळली की तिथे वायरचाच तुकडा दुमडून घालणारे लोक मी पाहिले आहेत. मग शॉर्ट झाला तरी फ्यूज जात नाही, भिंतीतली वायर जाते. शक्य असेल तर किटकॅट काढून एमसीबी बसवाच. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही घ्या, तो करंट गळायला लागला की लाइन तोडतो. एमसीबी वायरीला वाचवतो, आरसीसीबी माणसाला.

फेज आणि न्यूट्रल एकाच जाडीचे हवेत. अर्थिंगची हिरवी वायरही घरातल्या या जाड्यांना फेजइतकीच घ्या. "अर्थिंगला काय, बारीक चालते" असं सांगणारा भेटेल. त्याचं ऐकू नका. फेज अंगाला लागलेल्या गिझरचा सगळा करंट त्या क्षणी हिरव्या वायरमधूनच जाणार असतो.

तिसरी पायरी: वायर कुठून जाते ते पाहा

आपल्याकडचे तक्ते बहुधा ४० अंश तापमान धरून केलेले असतात. विदर्भात, खानदेशात मे महिन्यात हवाच ४५ वर जाते. पत्र्याखालून किंवा तापलेल्या स्लॅबमधून गेलेल्या पाइपात त्याहून जास्त. साधी पीव्हीसी ७० अंशांपर्यंत टिकते. भोवताल ५० वर गेला तर वायर गरम व्हायला २० अंशांचीच जागा उरते आणि तिची क्षमता साधारण ०.८२ पटीवर येते. अडीच एमएमचे १९ अँपिअर तिथे साडेपंधरा होतात. एका पाइपात तीन भरलेल्या लाइन कोंबल्या तर आणखी ०.७ ने गुणा. सगळ्या लाइन एकदम पूर्ण भाराने चालत नाहीत म्हणून बऱ्याच घरांचं निभावतं. पण एसी आणि गिझर यांच्या लाइन तरी वेगवेगळ्या पाइपांतून न्या, आणि वरच्या मजल्यावर पत्रा असेल तर एक पायरी जाड वायर घ्या.

मीटरपासून डीबीपर्यंतच्या मुख्य वायरला सगळ्या लाइनची बेरीज करायची, पण सगळं एकदम चालत नाही हेही धरायचं. दोन एसी १६, गिझर ८.७, शेगडी ८.७, बाकी ६, अशी बेरीज ३९ अँपिअर आली, तरी एका वेळी २५-२७ च्या पुढे क्वचितच जाईल. मी तरीही इथे दहा एमएम आणि ४० चा एमसीबी सुचवतो. ही वायर पुन्हा कोणी बदलत नाही. वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो. तुमची बेरीज त्याच्या बरीच पुढे जात असेल तर आधी भार वाढवून घेण्याचा अर्ज करा.

चौथी पायरी: अंतर, आणि इथेच शेतकरी फसतो

घरात अंतराचा प्रश्न जवळपास येत नाही. डीबीपासून ३० मीटरवरच्या गिझरला अडीच एमएमने वाटेत चार व्होल्ट कमी होतात, म्हणजे २३० च्या २ टक्क्यांहूनही कमी घट. दिव्यांना ३ टक्के आणि इतर उपकरणांना ५ टक्क्यांपर्यंत घट चालते. पण घराबाहेर पडलात की सगळं बदलतं.

गोठ्याचं उदाहरण घ्या. घरापासून ८० मीटर, तिथे २ एचपीची कडबा कुट्टी, करंट १० अँपिअर. क्षमतेने पाहिलं तर अडीच एमएम भरपूर झाली. आता घट काढा. सिंगल फेजला सूत्र सोपं आहे: २ × अंतर × करंट × वायरचा रोध (वायर करंटला किती अडवते त्याचं माप), आणि शेवटी १००० ने भागायचं. २ कशासाठी, तर करंट फेजने जातो आणि न्यूट्रलने परत येतो. दर किलोमीटरचा रोध ओहममध्ये असा: दीड एमएम १३.३, अडीच ७.९८, चार ४.९५, सहा ३.३, दहा १.९१. अडीच एमएमने २ × ८० × १० × ७.९८ ÷ १००० म्हणजे १२.८ व्होल्ट घट येते. ५ टक्के म्हणजे ११.५ व्होल्ट. बसत नाही. चार एमएमने ७.९ येते. म्हणून गोठ्याला चार एमएम.

आता बोअरची मोटर. ५ एचपीची थ्री फेज सबमर्सिबल, पाटीवर ८.५ अँपिअर. स्टार्टर घराजवळच्या खोपटात, बोअर २४० मीटरवर आणि मोटर ६० मीटर खोल. एकूण ३०० मीटर. "पाच एचपीला अडीचची फ्लॅट केबल लागते, सगळे तीच नेतात," हे वाक्य तुम्ही कुठल्या ना कुठल्या काउंटरवर ऐकलं असेल. अडीच एमएम ८.५ अँपिअर हसत वाहून नेते, त्यामुळे केबल तापतही नाही आणि कोणाला शंकाही येत नाही. मार मोटरला बसतो.

थ्री फेजला सूत्रात २ ऐवजी १.७३२ येतं. १.७३२ × ३०० × ८.५ × ७.९८ ÷ १००० केलं की ३५ व्होल्ट निघतात. ४१५ च्या साडेआठ टक्के. आणि डीपीच्या (गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या) लाइनच्या शेवटच्या टोकाला, सगळ्यांच्या मोटरी चालू असताना ४१५ व्होल्ट कोणाला मिळतात? तिथे ३७० असतील तर मोटरपाशी ३३५ उरले. मोटरला तेवढंच पाणी उचलायचं असतं, म्हणून व्होल्टेज कमी झालं की ती जास्त करंट खेचते. जास्त करंट म्हणजे केबलमध्ये आणखी घट आणि वाइंडिंग आणखी गरम. उन्हाळ्यात मोटरी जळतात त्याचा दोष सगळा वीजपुरवठ्यावर जातो. तो दोष असतोच, पण त्यात आपल्या केबलची भर किती, हे फार थोडे जण मोजतात.

चार एमएम घेतली तर घट २२ व्होल्ट. सहा घेतली तर साडेचौदा, म्हणजे साडेतीन टक्के. मी सहा म्हणेन. शिवाय अडीचच्या केबलमध्ये मोटर चालू असेपर्यंत सुमारे ५२० वॅट नुसते उष्णतेत जातात. सहामध्ये २१५.

३०० मीटर सहा एमएमची तांब्याची केबल म्हणजे मोठा खर्च. त्याला एक चांगला मार्ग आहे. जमिनीखालून बोअरच्या तोंडापर्यंत ॲल्युमिनियमची आर्मर्ड केबल न्यायची आणि बोअरच्या आत तांब्याची फ्लॅट केबल सोडायची. तांब्याइतकंच काम करायला ॲल्युमिनियमला साधारण १.६ पट जाडी लागते. १६ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमचा रोध १.९१ आहे, दहा एमएम तांब्याइतकाच. २४० मीटर १६ ची ॲल्युमिनियम आणि ६० मीटर चारची तांब्याची, असं केलं तर एकूण घट ११ व्होल्ट येते. पूर्ण सहाच्या तांब्यापेक्षाही कमी. फक्त एक जपायचं. तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना थेट पिळून जोडायचं नाही. ओलाव्यात तो सांधा गंजतो आणि तापतो. बोअरच्या तोंडाशी बंद पेटी बसवा आणि बायमेटल लग (एका बाजूला तांबं, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियम असलेलं जोडटोक) वापरा. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले (मोटर जास्त करंट खेचू लागली की ती बंद करणारा भाग) पाटीवरच्या करंटला लावलेला आहे का, तेही त्याच फेरीत पाहा. मोटर बंद पडते म्हणून रिलेचा काटा वर सरकवणं आणि घरात ३२ चा एमसीबी बसवणं ही एकच चूक आहे.

पाचवी पायरी: दुकानात

सगळं गणित बरोबर असूनही वायरमध्ये तांबंच कमी असेल तर उपयोग नाही. गुंडाळीवर आयएसआय चिन्ह, त्याखाली परवाना क्रमांक आणि आयएस ६९४ हा मानक क्रमांक पाहा. मग गुंडाळी हातात घ्या, जमलं तर काट्यावर ठेवा. तांब्याची घनता ८.९६ आहे, त्यामुळे ९० मीटरच्या एक एमएम गुंडाळीत साधारण ८०० ग्रॅम तांबं हवं, दीडमध्ये १ किलो २०० आणि अडीचमध्ये २ किलो. त्यावर प्लास्टिकचं वजन वेगळं. अडीच एमएमची अख्खी गुंडाळीच दोन किलोच्या खाली भरली, तर ती परत ठेवा. टोकाची एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे.

रंग पाळायला सांगा. फेज लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रल काळा, अर्थिंग हिरवं. लाल संपली म्हणून हिरवी फेजला वापरू देऊ नका, एका मीटरसाठीसुद्धा नाही.

काम झाल्यावर

गिझर किंवा एसी तासभर सलग चालवा. मग प्लग काढून त्याच्या पिना आणि डीबीतल्या एमसीबीचा दर्शनी भाग हाताला कसा लागतो ते पाहा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर कुठला तरी स्क्रू सैल आहे किंवा वायर बारीक आहे. जाड वायरसुद्धा सैल स्क्रूपाशी जळते, म्हणून वायरमनला वर्षातून एकदा मेन बंद करून सगळे स्क्रू आवळायला सांगा.

वहिनींच्या घरी आम्ही मशीनसाठी अडीचची स्वतंत्र लाइन ओढली, गिझरची जळकी वायर काढून तिथेही अडीच घातली आणि दोन्हींना १६ चे एमसीबी लावले. मग डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला. त्यावर प्रत्येक एमसीबीचं नाव, त्यामागच्या वायरची जाडी आणि त्या जागी चालणारा सगळ्यात मोठा एमसीबी, असं ठळक लिहिलं. पुढच्या वेळी कोणी ३२ चा घेऊन आला, तर झाकण उघडताच त्याला दिसेल.